विदर्भातला उन्हाळा, लाकडी डेक आणि शेताचे कुंपण: कशाचे करावे आणि केव्हा करावे?

बोरकाठ

नमस्कार. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आमची दीड एकर जमीन आणि तिच्यावर जुने कौलारू घर आहे. आई-बाबा आता वर्षातील बराच काळ तेथेच राहतात. घराच्या पश्चिमेला, शेताकडे तोंड करून, २० फूट लांब आणि १२ फूट रुंद असा, जमिनीपासून दोन फूट उंच लाकडी डेक करावा, अशी बाबांची इच्छा आहे. त्याच सुमारास कुंपणाचेही काम उरकून घ्यावे असा विचार आहे, कारण सध्याचे सिमेंटचे खांब जागोजागी कलले आहेत, तारा लोंबकळत आहेत आणि बोर अभयारण्याच्या बाजूने येणारी रानडुकरे व रोही (नीलगायी) एका रात्रीत हरभऱ्याची वाट लावतात.

जमीन काळी आहे. बोअर मारताना साधारण चार फुटांवर मुरूम लागला होता. गावातील सुतार सागवानाशिवाय दुसऱ्या कशाचे नाव काढू देत नाहीत, तर नागपूरच्या एका दुकानात मला डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या, फळ्या दाखवून पंचवीस वर्षे त्यांना हात लावावा लागणार नाही असे सांगण्यात आले. कुंपणाबाबतही तेच. कोणी जाळी सुचवतो, कोणी काटेरी तार, कोणी सौर झटका यंत्र.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, अशा हवेत लाकूड टिकते का, आणि टिकवायचे असल्यास त्याला काय लावावे? खांब पुन्हा कलू नयेत म्हणून पायात काय करावे? आणि मला सुट्टी एप्रिल-मेमध्येच मिळते, तेव्हा दोन्ही कामे त्या दिवसांत केल्यास काही बिघडते का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

पटाशी

ताई, आमच्या घरी तीन पिढ्या लाकडाचे काम आहे आणि माझे बहुतेक आयुष्य बल्लारशा-आलापल्लीच्या सागवानात गेले आहे, तेव्हा माझे मत सागाकडे झुकलेले असणार हे धरूनच पुढचे वाचावे.

नुसत्या उन्हाचे लाकडाला फारसे भय नसते. त्याला छळतो तो मे आणि जुलै यांच्यातील फरक. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते आणि उघड्यावरच्या लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर येतो. पावसाळ्यात तोच पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतो. एवढ्या फरकाने सागाची चार इंच रुंद फळी रुंदीत सुमारे दोन मिलिमीटर फुगते आणि आकसते, लांबीत मात्र जवळजवळ काहीच बदलत नाही. साग हे या बाबतीत शांत लाकूड आहे. बाभूळ किंवा ऐन घेतल्यास हालचाल याहून बरीच अधिक होते, पीळ पडतो आणि टोकांना तडे जातात. म्हणून फळी चार इंचांहून रुंद आणि एक इंचाहून पातळ घेऊ नये, आणि दोन फळ्यांमध्ये फट सोडावी. ती किती सोडायची हे महिन्यावर ठरते. मे महिन्यात, लाकूड पूर्ण आकसलेले असताना फळ्या बसवल्या तर सहा मिलिमीटर फट ठेवावी लागते, नाहीतर श्रावणात त्या एकमेकींना ढकलून स्क्रू उपटतात. ऑगस्टमध्ये बसवल्या तर तीन मिलिमीटर पुरते, कारण पुढच्या उन्हाळ्यात ती आपोआप पाच होणार असते. माझ्या मते दिवाळीनंतरचे दोन महिने सर्वांत चांगले, कारण लाकूड तेव्हा दोन्ही टोकांच्या मध्ये असते.

साग घेताना त्याचा गाभा घ्यावा. कडेचे पांढरट लाकूड वाळवी दोन पावसाळ्यांत संपवते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या कोवळ्या लागवडीच्या सागात या पांढऱ्या कडेचेच प्रमाण फार असते. ग्राहकाला ते ओळखू येऊ नये म्हणून दुकानात त्यावर तपकिरी रंगाचा हात फिरवलेला असतो, तेव्हा फळीचे कापलेले टोक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या वाड्यांचे उतरवलेले सागवान मिळाले तर उत्तमच. ते पन्नास-शंभर वर्षे वाळलेले असते आणि हलायचे तेवढे हलून झालेले असते. फक्त रंधा मारण्यापूर्वी त्यातील खिळे शोधून काढावे लागतात, आणि त्या कामाची मजुरी सुतार वेगळी मागतो ती योग्यच असते.

लाकडाचा एकही तुकडा मातीला टेकू देऊ नका. वाड्यांतील लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे असत ते याच कारणासाठी. डेकखाली चारी बाजूंनी हवा खेळू द्यावी आणि बॅटरी घेऊन वाकून पाहता येईल इतकी जागा ठेवावी, म्हणजे वाळवीच्या मातीच्या नळ्या चढू लागल्या तर वेळीच दिसतात. काहीजण शोभेसाठी खालची बाजू फळ्या मारून बंद करतात, आणि मग वाळवी काय करते आहे हे वर बसलेल्या माणसाला कळत नाही.

स्क्रू ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे वापरावेत आणि प्रत्येक स्क्रूसाठी आधी छिद्र पाडून घ्यावे. साधा लोखंडी खिळा गंजतो, आणि सागातील द्रव्याशी त्याचा संयोग होऊन काळे ओघळ उमटतात ते कधीच जात नाहीत.

आता काय लावावे याविषयी. चकचकीत पीयू पॉलिश बैठकीच्या खोलीसाठी ठेवावे. उघड्यावर उन्हातील अतिनील किरण त्या थराच्या आरपार जाऊन खालचे लाकूड पोखरतात, थर सुटतो, त्याच्या पापुद्र्यांखाली पाणी शिरते आणि शेवटी सगळे खरवडून काढण्याची वेळ येते. लाकडात मुरणारे तेल वापरावे, आणि त्यात थोडे तरी रंगद्रव्य असावे, कारण ऊन अडवते ते रंगद्रव्यच. कच्चे जवसाचे तेल मात्र नको. ते लवकर सुकत नाही आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. पाऊस संपून लाकूड कोरडे झाल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, दरवर्षी एक हात द्यावा, आणि तोही सकाळी किंवा उन्हे कलल्यावर द्यावा. भर दुपारी तापलेल्या फळीवर तेल वरच्यावर चिकट होऊन बसते, आत जात नाही. काहीच लावले नाही तरी साग राखाडी होतो, कमजोर होत नाही. बाबांना तो रंग चालणार असेल तर दरवर्षीचा खर्च वाचेल.

तेलाच्या चिंध्यांविषयी मुद्दाम लिहितो. लाकडात मुरणारी अशी तेले, विशेषतः जवसाची, सुकताना उष्णता सोडतात. बोळा करून कोपऱ्यात टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर हा धोका अधिकच. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

शेवटचे म्हणजे पश्चिमेचा हट्ट. मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजताही त्या डेकवर पाय ठेवता येणार नाही. घराच्या पूर्वेला डेक केला तर दुपारी एकपासून घराचीच सावली मिळते आणि बसण्याच्या वेळेपर्यंत फळ्या निवतात. आपण वर्ध्याच्याच आहात. सेवाग्रामला बापूकुटीची पडवी आणि खाली उतरलेले छप्पर पाहून या, म्हणजे या प्रदेशात उन्हाला कसे तोंड द्यावे हे दिसेल. पश्चिमच हवी असेल तर आधी मांडव आणि मग डेक, असा क्रम ठेवावा.

मुरूम_खडी

लाकडाविषयी पटाशी यांनी लिहिले आहे, त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. मी स्थापत्य अभियंता म्हणून अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत काम केले आहे, आणि माझ्या मते आपले खरे संकट जमिनीखाली आहे.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात. खांब कलतात ते वाऱ्याने किंवा डुकराच्या धडकेने क्वचितच. एका बाजूची माती भेग पडून सुटते, दुसऱ्या बाजूची तशीच राहते आणि तारेच्या ओढीने खांब सुटलेल्या बाजूला झुकतो. पुढच्या पावसात भेग मातीने भरते, आणि खांब त्याच कललेल्या अवस्थेत पक्का होतो. दोन फुटांचा खड्डा आणि वर काँक्रीटचा गोल गोळा, ही सर्वत्र दिसणारी पद्धत या जमिनीत उलटी पडते, कारण वरचा रुंद गोळा फुगणाऱ्या मातीला खालून पकड देतो आणि ती त्याला खांबासकट उचलते. खड्डा तीन फूट खोल घ्यावा, त्याचा तळ तोंडापेक्षा रुंद ठेवावा, तळाशी मुरमाचा थर ठोकून त्यावर फूटभर काँक्रीट करावे, आणि उरलेल्या उंचीत खांबाभोवती काळी माती परत न भरता मुरूम भरून कुटावा. वरची बाजू उतरती करावी, म्हणजे पाणी खांबापाशी साचणार नाही.

डेकच्या पायांसाठी नियम आणखी कडक आहे. हलक्या बांधकामाला काळी माती जड बांधकामापेक्षा अधिक छळते, कारण तिला दाबून धरण्याइतके वजनच त्याच्यात नसते. तीन मजली इमारत जेथे स्थिर राहते तेथे अंगणातील ओटा उचलला जातो, हे आपण गावोगाव पाहतोच. आपल्याकडे चार फुटांवर मुरूम आहे हे भाग्य समजावे. प्रत्येक पाया मुरमात किमान सहा इंच उतरवावा. ज्यांच्या शेतात काळी माती दहा-बारा फूट आहे त्यांना तळाशी फुगीर अशा अंडर-रीम्ड पाइल्सचा विचार करावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने ही पद्धत अशाच जमिनींसाठी विकसित केली. डेक घराच्या भिंतीला कधीही जोडू नये. जुने घर आणि नवा डेक वेगवेगळे हलणार, म्हणून दोहोंमध्ये इंचभर मोकळी जागा ठेवावी. घराच्या पन्हाळीचे पाणीही डेकच्या पायांपाशी सोडू नये.

एप्रिल-मेमध्ये काँक्रीट करता येते, पण जपून. ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांच्या आत असावे असा दंडक आहे, आणि दुपारी दोन वाजता उन्हात तापलेली खडी व टाकीतील गरम पाणी वापरल्यास तो पाळला जाणे शक्य नाही. खडीवर आदल्या रात्री पाणी मारून ती झाकून ठेवावी आणि काम सूर्यास्तानंतर सुरू करावे. आजकाल मिळणारे सिमेंट बहुधा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले, असते. त्याला उष्ण व कोरड्या हवेत चौदा दिवस पाणी देण्याची शिफारस भारतीय मानक ४५६ मध्ये आहे. गोणपाट गुंडाळून ते दिवसातून चार वेळा भिजवावे. शेतावरचे पाणी मे महिन्यात ज्या दशेत असते ती पाहता, चौदा दिवस हे कोण करणार याचा निर्णय आधी घ्यावा.

एका मुद्द्यावर माझा पटाशी यांच्याशी मतभेद होईल असे वाटते. डेकचा सांगाडा लाकडाचा न करता जस्तलेपित चौकोनी पाइपचा करावा. वाळवीचा प्रश्न तेथेच मिटतो आणि सागाचा निम्मा खर्च वाचतो. सहा मीटर लांबीचा पोलादी पाइप ४० अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर लांबतो, आणि फळी लांबीत हलत नाही. म्हणून पाइपच्या एका टोकाचे बोल्ट लांबट छिद्रांत बसवावेत. वेल्डिंग केलेल्या प्रत्येक जागी जस्त जळून गेलेले असते. तेथे जस्ताचे प्रमाण भरपूर असलेला प्रायमर लावला नाही, तर गंज नेमका सांध्यापासून सुरू होतो.

पटाशी

मतभेद नाही, एक अट आहे. पाइप आणि फळी यांच्यामध्ये डांबरी किंवा रबरी पट्टी घालावी. ओले लाकूड थेट लोखंडावर बसले की दोन्ही एकमेकांना खातात. आणि पाइपची उघडी टोके झाकावीत, नाहीतर गांधीलमाश्यांना आयते घर मिळते.

सागवान_डेपो

थोडक्यात एक सूचना. आपल्याच धुऱ्यावर साग किंवा खैर उभा असेल आणि तोच वापरायचा विचार असेल, तर महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ नुसार आधी परवानगी लागते आणि माल हलवताना वाहतूक परवाना लागतो. विकत घेतलेल्या लाकडाचीही पावती जपून ठेवावी. जंगलालगतच्या तालुक्यांत ती विचारली जाते.

सोनोरन

नमस्कार. मी मूळची अकोल्याची, सध्या ॲरिझोनातील फीनिक्स शहरात राहते. हे शहर सोनोरन वाळवंटात आहे, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात येथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले होते. त्यामुळे आपल्या प्रश्नातील डब्ल्यूपीसीच्या भागापुरते लिहिण्याचे धाडस करते. पावसाचे मात्र माझे ऐकू नका. येथे पावसाळा आहे तो नावापुरता.

लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्यापासून केलेल्या या फळ्या येथे खूप वापरल्या जातात. त्या कुजत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही, काटे टोचत नाहीत, हे खरे आहे. पण कडक उन्हात गडद रंगाच्या फळीचे तापमान ७० अंशांच्या आसपास पोहोचू शकते. तितके तापलेले लाकूडही पायाला लागते, तरी लाकडातून पायाकडे उष्णता हळू येते, आणि घट्ट प्लास्टिकमिश्रित फळीतून ती अधिक वेगाने येते. तापलेल्या फरशीवर किंवा डांबरावर पडून भाजलेले लोक फीनिक्सच्या रुग्णालयांत दर उन्हाळ्यात दाखल होतात, आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे असते. आई-बाबांच्या वयाचा विचार करता फळी घेतलीच तर फिकट, वाळूच्या रंगाची घ्यावी, आणि तिच्यावर सावली हवीच. आमच्याकडे अंगणातील उघड्या मांडवाला रमाडा म्हणतात, आणि त्याशिवाय डेक करण्याचा विचार येथे सहसा कोणी करत नाही.

दुसरी अडचण लांबीची. लाकूड रुंदीत हलते, ही फळी लांबीतही हलते. तीन मीटरची फळी थंडीतील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटर सहज वाढते, म्हणून टोकाला टोक भिडवून बसवल्यास ती कमानीसारखी वर उचलते. तापल्यावर ती थोडी मऊही पडते. लाकडाखाली आडवे पाइप ४०-४५ सेंटिमीटरवर चालत असतील, तर या फळीखाली ते ३० सेंटिमीटरवर घ्यावेत, नाहीतर काही वर्षांत मधोमध झोळ दिसू लागतो.

भारतात खरेदी करताना एक गोष्ट अवश्य तपासावी. तेथे डब्ल्यूपीसी या नावाने स्वयंपाकघरातील कपाटांसाठी वापरले जाणारे फेसाळ पीव्हीसीचे बोर्डही विकले जातात. ते उन्हासाठी नाहीतच. डेकसाठीची फळी वेगळी असते आणि तिच्यातही वरून वेगळ्या प्लास्टिकचे कवच चढवलेली फळी रंग अधिक काळ धरते. पंचवीस वर्षांच्या हमीचा कागद संपूर्ण वाचावा. हमी बहुधा कुजण्याची आणि वाळवीची असते. रंग उडणे, वाकणे आणि चुकीच्या अंतरावर बसवणे यांचे काय, हे खालच्या बारीक अक्षरांत असते.

कुंपणाविषयी एकच वाक्य. येथे घरांभोवती लाकडी कुंपण फार दिसत नाही, काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीच अधिक, आणि त्यामागे उन्हाचा मोठा वाटा आहे.

धुरा

मी नागपूर जिल्ह्यात उमरेडच्या बाजूला शेती करतो. कुंपणाचे लिहितो, कारण वरच्या चर्चेत ते मागे पडले.

आधी तार. लोखंडाची तार उन्हाने लांबते हे सर्वांना माहीत असते, पण किती याचा हिशेब कोणी करत नाही. मे महिन्याच्या दुपारी तारेचे तापमान ६० अंशांच्या घरात आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंश धरले, तर शंभर मीटर तारेच्या लांबीत सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. मे महिन्यात तार कचकचून ताणली, तर डिसेंबरमध्ये तिला आकसायला जागा राहत नाही, आणि अडीच मिलिमीटर जाडीच्या सरळ तारेत सुमारे साठ किलो वजनाइतका जादा ओढा तयार होतो. पाच तारा असतील तर तीनशे किलो. हा सगळा भार कोपऱ्यातील खांबावर येतो. मुरूम_खडी साहेबांनी मातीचे कारण सांगितले ते खरेच आहे, पण कोपऱ्याचे खांब कलण्यात या ओढ्याचाही हात असतो. उलट थंडीच्या पहाटे ताणलेली तार मे महिन्यात लोंबते आणि डुक्कर खालून जाते. जानेवारीत सकाळी दहा-अकराच्या सुमारास ताणणे हा मधला मार्ग. प्रत्येक सरळ लांबीच्या टोकाला ताण कमी-जास्त करता येणारे टर्नबकल बसवावे, आणि कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही दिशांनी तिरपे टेकू द्यावेत. लांब बाजूवर मध्येही असा एखादा टेकूचा खांब हवा.

तार आणि जाळी विकत घेताना गेजबरोबरच जस्ताचा थर विचारावा. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटर, बारा गेजची सुमारे २.६ आणि चौदाची दोन मिलिमीटर असते. दुकानदार बाराची म्हणून चौदाची देतो, तेव्हा खिशात मापणी ठेवावी. काटेरी तारेसाठी भारतीय मानक २७८ आणि साखळी जाळीसाठी २७२१ आहे. बिलावर तो क्रमांक लिहून मागितला की निम्मी लबाडी थांबते.

रानडुक्कर जाळी उडी मारून ओलांडत नाही, ते तिच्याखालची माती उकरते. जाळीची खालची कड फूटभर जमिनीत गाडावी किंवा खाली दगडांची रांग बसवावी. रोही मात्र उडी मारतो, म्हणून त्याच्यासाठी उंची सहा फुटांच्या आसपास लागते. एकाच कुंपणाने दोघांना अडवणे महाग पडते. आमच्या भागात बहुतेकांनी खाली जाळी आणि वर दोन-तीन तारा असा मेळ घातला आहे.

सौर झटका यंत्राला माझा पाठिंबा आहे, मात्र उन्हाळ्यातील त्याची खोड जाणून घ्यावी. झटका बसण्यासाठी वीज तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईकडे परत जावी लागते. एप्रिलनंतर वरची माती हाडासारखी कोरडी होते आणि हा परतीचा रस्ताच तुटतो. यंत्र टिकटिक करत असते, दिवा लागलेला असतो आणि डुक्कर निवांत आत येते. अर्थिंगच्या तीन सळया विहिरीजवळ किंवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, जेथे बारमाही ओल असते तेथे ठोकाव्यात, आणि कुंपणात एक तार झटक्याची व तिच्याशेजारची अर्थिंगची अशी रचना करावी, म्हणजे जनावर दोन्हींना एकदम लागले की झटका जमिनीवर अवलंबून राहत नाही. सर्वांत खालची तार जमिनीपासून सहा ते नऊ इंचांवर ठेवावी. पावसाळ्यात खोड उलटी होते. गवत वाढून तारेला टेकते आणि वीज गवतातून जमिनीत गळते, तेव्हा तारेखालची पट्टी दर पंधरवड्याला साफ करावी लागते. इन्सुलेटर चिनीमातीचे घ्यावेत किंवा ऊन सोसणाऱ्या प्रतीचे. स्वस्त प्लास्टिकचे दोन उन्हाळ्यांत कडकडून फुटतात. वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. आपले गाव त्यात बसते का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे.

खांबावरून थेट आकडा टाकून तारेत वीज सोडण्याचा सल्ला आपल्याला गावात कोणी ना कोणी नक्की देईल. त्याने डुकरे मरतात, वाघ मरतात आणि दरवर्षी शेतकरी व त्यांचे सालगडीही मरतात. हा फौजदारी गुन्हा आहे. झटका यंत्र सेकंदाला एक असा अत्यंत अल्पकाळाचा ठोका देते, म्हणून ते फक्त घाबरवते. घरगुती वीज सलग वाहते आणि सोडत नाही.

पैसे कमी असतील तर तारेच्या आतून जिवंत कुंपण लावावे. सागरगोटा, चिल्लार आणि करवंद या तिन्हींना एकदा मूळ धरले की उन्हाळ्यात पाणी लागत नाही. फक्त पहिला उन्हाळा जगवावा लागतो. विलायती चिंचही चालते, पण शेळ्या तिचा पाला सोडत नाहीत. शेर लावू नये, त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते. बोराट्यांचे वाळके कुंपण मार्चनंतर म्हणजे पेटवून ठेवायला रचलेले सरपणच. शेजारी धसकटे जाळतो आणि आपले कुंपण जाते. कुंपण कोणतेही असो, जंगलाच्या बाजूला बाहेरून आठ-दहा फूट पट्टी फेब्रुवारीतच साफ करून ठेवावी, वनखाते जाळरेषा काढते तशी.

बोरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घरी चर्चा झाली. डेक पूर्वेला घेण्यास आई तयार आहे, बाबांची अजून पश्चिमच आहे, पण मांडवाशिवाय नाही हे त्यांनाही पटले. सांगाडा पाइपचा आणि वर जुन्या सागवानाच्या फळ्या, असे बहुधा ठरेल. सुट्टीचे काही करता आले तर प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर घेईन. तरीही मे महिन्यात मी तेथे असणारच आहे, तेव्हा त्या दिवसांत उपयोगी पडेल असे काय करून ठेवता येईल?

मुरूम_खडी

मे महिना पाहणीसाठी उत्तम असतो. शेतभर फिरून मोठ्या भेगा कोठे पडतात त्या नकाशावर खुणा करून ठेवा आणि खांबांच्या जागा शक्य तेथे त्यांच्यापासून दूर सरकवा. डेकच्या चारही कोपऱ्यांवर एकेक चाचणी खड्डा घेऊन मुरूम खरोखर किती खोल आहे ते मोजावे. बोअरच्या वेळचा आकडा एका जागेचा असतो, आणि वीस फुटांत तो दीड-दोन फुटांनी बदललेला मी पाहिला आहे. जेथे डेक होणार आहे तेथून वीस फुटांच्या आत निंब किंवा पिंपळ असेल तर तेही लिहून ठेवा. मोठी झाडे उन्हाळ्यात मुळांभोवतीचे पाणी ओढून घेतात आणि त्या बाजूची माती अधिक खचते.

धुरा

सागरगोट्याचे बी मे महिन्यातच गोळा करून ठेवा. कवच फार कठीण असते, म्हणून प्रत्येक बी एका बाजूने दगडावर थोडे घासून रात्रभर पाण्यात भिजवावे आणि मृगाचा पाऊस पडताच कुंपणाच्या आतून दोन ओळींत, एका ओळीतील बी दुसऱ्या ओळीतील दोन बियांच्या मध्ये येईल अशा बेताने टोचावे. तारेचे काम जानेवारीत होईपर्यंत रोपे वीतभर झालेली असतील.

पटाशी

लाकूड मे महिन्यातच विकत घ्या. पावसाळ्यात घेतलेल्या लाकडात पाणी किती आणि लाकूड किती हे सांगता येत नाही, आणि वजनाने ते जड लागले म्हणून ग्राहक खूश होतो. फळ्या उन्हात ठेवू नयेत. पडवीत किंवा गोठ्याच्या छपराखाली, जमिनीपासून फूटभर उंच विटांवर थप्पी लावावी आणि प्रत्येक थरामध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या, दीड-दीड फुटांवर, वरपासून खालपर्यंत एका रेषेत येतील अशा घालाव्यात. वर दगड ठेवून वजन द्यावे, म्हणजे फळ्यांना पीळ पडणार नाही. कापलेल्या टोकांवर जाडसर ऑइल पेंटचे दोन हात त्याच दिवशी द्यावेत, कारण लाकूड टोकांतून सर्वांत वेगाने सुकते आणि तडे तेथूनच सुरू होतात. थप्पीच्या विटांवर महिन्यातून एकदा वाळवीच्या नळ्या चढल्या आहेत का ते बाबांना पाहायला सांगा.